परतफेडीचा कोंडमारा

महोदय,

एकाच घरात किंवा संस्थेत वर्षानुवर्षे परस्परांना छळणारी माणसे आपल्या दुःखाचे खापर समोरच्याच्या दुष्टपणावर फोडतात. मात्र दुष्टपणा नसतानाही असा कोंडमारा निर्माण होतो. १९८० च्या सुमारास राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी घेतलेल्या संगणकीय स्पर्धांत, जिथे दोन-दोन खेळाडू पुन्हा पुन्हा समोरासमोर येत आणि दर वेळी सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे निवडत, गणितज्ञ अनातोल रापोपोर्ट यांची ‘जशास तसे’ ही नीती जिंकली: आधी सहकार्य करायचे आणि पुढे समोरचा वागेल तसे वागायचे. तिचे कौतुक पुष्कळ होते, दोष मात्र क्वचितच सांगितला जातो. असे दोन खेळाडू समोरासमोर असताना एकाकडून चुकून एकदा जरी दगा झाला, तरी दुसरा त्याची परतफेड करतो, मग पहिला त्या परतफेडीची, आणि दोघेही आपापल्या दृष्टीने न्यायानेच वागत असल्यामुळे ही पाळी थांबतच नाही. अधूनमधून एखादा दगा सोडून देणारी उदार नीती अशा खेळात अधिक तग धरते, असे पुढील अभ्यासांत आढळले. प्रत्यक्षात मात्र सोडून देणे ही शरणागती वाटते. शिवाय हिशेब चुकता करण्यात एक सुखही असते, जे कोणी कबूल करत नाही. एकच जण छळतो आणि दुसरा केवळ सोसतो, तिथे अर्थातच हे विवेचन लागू नाही. तिथे सुटका हवी. परंतु जिथे दोघेही मोजदाद ठेवून आहेत, तिथे मध्यस्थाने ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्न विचारूच नये.

– एक वाचक