गोळ्यांचं पाकीट घेऊनच जा

ती. बाबांना आणि आईला,
सा. न.

आईने पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. शेजारच्या काकू नागीण म्हणतात, आई म्हणते उष्णता. पण नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. बाबांच्या दोन्ही मांड्यांवर, पोटावर फोड आहेत, चांगले टरारून फुगलेले, आणि त्याआधी कितीतरी आठवडे नुसती खाज. तेव्हा गेरूचा लेप नको.

त्वचेच्या डॉक्टरांना बुलस पेम्फिगॉइडची शंका आहे, ती मलाही पटते. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते. वरचा थर खालच्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला होतो, थर सुटतात आणि मधे पाणी भरतं. हा बहुतेक उतारवयातच होतो. आणि आई, हा एकाचा दुसऱ्याला होत नाही, बाबांचे टॉवेल वेगळे उकळत बसू नकोस.

आता मुद्द्याचं. बाबा, कुठली औषधं चालू आहेत विचारल्यावर तुम्ही ‘शुगरची मेटफॉर्मिन’ एवढंच सांगितलंत म्हणे. चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. त्याच गोळीत व्हिल्डाग्लिप्टिनही आहे. ग्लिप्टिन गटातल्या शुगरच्या औषधांनी हा आजार सुरू होऊ शकतो, आणि त्यातही याच्यावर संशय जास्त. ‘इतके दिवस सोसली, मग आत्ताच कशी?’ म्हणाल. पण गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही फोड उठतात. तरी मनाने बंद करू नका, शुगरच्या डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील.

बायॉप्सीला घाबरू नका. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. असे तुकडे आमच्या लॅबमध्ये नेहमी येतात, म्हणून एक सांगते: तुकडे दोन हवेत. फोडाच्या कडेचा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात. दुसरा शेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीचा, तो फॉर्मेलिनमध्ये मुळीच नको, नाहीतर इम्युनोफ्लुरोसन्सची, म्हणजे कातडीवर हल्ला करणारी प्रथिनं चमकवून दाखवणारी तपासणी वाया जाते. आजार हाच असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन थरांच्या सांध्यावर हिरवी सरळ रेघ चमकते. तिथल्या माणसाला हे विचारायला लाजू नका.

फोड आपणहून फोडू नका. बहुधा क्लोबेटासॉलचं, म्हणजे स्टेरॉइडचं मलम देतील. पोटातून स्टेरॉइड दिलं तर मात्र शुगर चढेल. आई, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या असतील तर आजच मागवून ठेव.

तुमची,
मनू