पदकाशेजारी वेळही छापा

संपादक महोदय,

राष्ट्रीय ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेला आपण क्रीडा पानावर जागा देता, याबद्दल आधी आभार. तक्रार महिलांच्या वैयक्तिक परस्यूटच्या, म्हणजे पाठलागाच्या शर्यतीच्या, निकालाची आहे. तीन नावं, तीन राज्यं, तीन पदकं, संपलं. क्रिकेटच्या बातमीत धावसंख्या गाळावी, तसं हे झालं.

या शर्यतीत दोघीजणी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच क्षणी सुटतात. पात्रता फेरीत सर्वांत जलद ठरलेल्या दोघी सुवर्णासाठी, तिसरी आणि चौथी कांस्यासाठी. त्यामुळे कांस्यपदकाच्या शर्यतीतली विजेती त्या दिवशी रौप्यवालीपेक्षा जलद धावलेली असू शकते. बातमी वाचून हे कसं कळावं? अंतिम फेरीत एकीनं दुसरीला गाठलं की शर्यत तिथेच थांबते; मग पात्रता फेरीतली वेळच काय ती हाती उरते. बर्लिनच्या २०२०च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या क्लोई डायगर्टनं एकाच दिवसात दोनदा विश्वविक्रम केला: पात्रता फेरीत ३ मिनिटं १७.२८३ सेकंद, अंतिम फेरीत ३ मिनिटं १६.९३७. नुसतं ‘सुवर्ण’ छापलं असतं, तर यातलं काय पोचलं असतं?

हे आकडे ३ किलोमीटरचे. सांघिक परस्यूटमध्ये महिला २०१३पासूनच पुरुषांइतकं, म्हणजे ४ किलोमीटर अंतर कापताहेत. वैयक्तिक शर्यतीत मात्र तेवढं अंतर मिळायला २०२५ उजाडलं. एवढी वर्षं कशाची वाट पाहिली, ते आंतरराष्ट्रीय संघटनाच जाणे! असो. पण अंतर न छापता जुनी-नवी वेळ शेजारी ठेवली, तर वाचकाची फसगत होणारच.

ट्रॅकचंही तसंच. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधला ट्रॅक लाकडी, छताखालचा, २५० मीटरचा. उघड्यावरच्या सिमेंटच्या ट्रॅकवर वारा सुटला, की तीच मुलगी तेवढ्याच ताकदीनं काही सेकंद मागे पडते.

ही शर्यत २००८च्या बीजिंगनंतर ऑलिंपिकमधून गेली, म्हणून वार्ताहरांना तिच्यात रस नसेल, तर तेही समजू शकतो. पण वेळा निकालपत्रकावर असतातच, कुणाला विचारत बसावं लागत नाही. पुढच्या स्पर्धेपासून विजेतीच्या नावापुढे वेळ, अंतर आणि ट्रॅक एवढं छापाल का? जागा हवी असेल, तर पदकवितरणाचा फोटो थोडा लहान करा.

आपला,
एक वाचक, पुणे