बाबा, कॉम्प्युटर सांगलीतच राहू दे, तुम्ही दोघं या

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बंगळुरात माझ्याकडे येण्याचा विषय फोनवर काढला की बाबा, तुम्ही "बघू" म्हणता आणि ते तिथंच राहतं. म्हणून लिहूनच पाठवतेय. आईला यायचंय. तुम्हालाही यायचंय, हे मला कळतं. पण तुमचा पाय अडतोय तो त्या कॉम्प्युटरपाशी. त्यावर टॅली हा हिशोबाचा प्रोग्रॅम, टॅलीत हळदीच्या अडत्यांचे हिशोब आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीचे रिटर्न. मार्केट यार्डातली माणसं तुमच्या भरवशावर निर्धास्त असतात. ते काम सोडून या, असं मी कधीच म्हणणार नाही. बंगळुरात बसून त्याच कॉम्प्युटरवर तेच काम करा, एवढंच माझं मागणं आहे.

दिवाळीत तुमच्या शेजारी बसून दूरचा कॉम्प्युटर चालवायचं गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवलं, ते याचसाठी. पैसे लागत नाहीत. इथं माझ्या लॅपटॉपवर तुमच्या जीमेलनं लॉगिन केलं, पिन टाकला, की सांगलीचा स्क्रीन जसाच्या तसा समोर येतो. टॅली चालते तिकडेच, इकडे फक्त तिचं चित्र दिसतं. टॅली सरळ इकडच्या लॅपटॉपवर का टाकायची नाही, असं तुम्ही विचारलं होतं. तुमचं लायसन्स एका मशिनचं आहे, आणि डेटा दोन ठिकाणी झाला की खरा कुठला, हे शोधत बसावं लागतं. शिवाय लॅपटॉप उद्या कुठे हरवला तरी त्यात कुणाचं खातं नसेल.

पिन मी तुम्हालाच टाकायला लावला होता. मला तो माहीत नाही आणि मला सांगूही नका. ती तिजोरीची किल्ली आहे, ती तुमच्याच कनवटीला राहू दे.

नेटवाला कदाचित म्हणेल, "राउटरवर पोर्ट उघडून देतो, विंडोजचंच रिमोट वापरा." पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं दार. त्याला नको म्हणा. आपल्याकडे विंडोज होम आहे, त्यात बाहेरून आत येण्याची ती सोयच नाही. आणि ३३८९ नंबरचा तो पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकला, की असे पोर्ट रात्रंदिवस हुडकणारे प्रोग्रॅम तिथं पासवर्ड आजमावत बसतात. आपल्या पद्धतीत घरचा कॉम्प्युटर स्वतःच बाहेर गूगलशी संपर्क ठेवतो, राउटरवर काहीच उघडावं लागत नाही.

मला खरी काळजी आहे ती फोनची. "लाइट बिल भरलेलं नाही, आज रात्री कनेक्शन कापू, हे ॲप टाका आणि त्यात दिसणारा नंबर सांगा" असे फोन येतात ना, त्यातली माणसं अशाच रिमोटच्या ॲपमधून लोकांचे खाते रिकामे करतात. रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच ॲनीडेस्क या अशाच ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नसतं, नंबर कुणाच्या हातात जातो यावर सगळं आहे. आपल्या क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्येसुद्धा मदतीसाठी १२ आकडी कोड तयार होतो. तो कुणालाही द्यायचा नाही. कुणी माझं नाव सांगून मागितला, तरी आधी मला व्हिडिओ कॉल करा. आई, हे तुलाही सांगतेय, कारण दुपारी फोन तूच उचलतेस. काही घडलंच, तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

आता लाइटचं. लाइट जाऊन आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल, असं बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, करून ठेवलंय. स्लीप बंद आहे. राउटर तेवढा इन्व्हर्टरवर घ्या. निघताना मॉनिटरचं बटण मात्र आठवणीनं बंद करा. तुम्ही इथून खातं उघडलं की तिथल्या स्क्रीनवरही ते दिसतं, आणि झाडांना पाणी घालायला काकू येणार आहेत. त्या घरच्याच, पण अडत्यांचे आकडे तुमच्यापाशीच राहिलेले बरे.

पावसाळ्यात येणार असाल, तर कॉम्प्युटर आणि राउटर आधी वरच्या खोलीत हलवा. २०१९ चा पूर आपल्या सांगलीच्या गावभागानं पाहिलाय, आपल्याला वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ म्हणजे धोका. ४० चा आकडा ऐकला की इथूनच टॅलीचा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ, कॉम्प्युटर नीट शटडाउन करू आणि काकांना मेन स्विच पाडायला सांगू. तेवढ्यापुरता डेटा इकडे राहील, पूर ओसरला की पुसून टाकू.

रविवारी सकाळी एक करून बघा. मोबाईलचं वायफाय बंद करा, नुसत्या डेटावर गच्चीत जा, क्रोममध्ये लॉगिन करून खालचा कॉम्प्युटर उघडा आणि एक व्हाउचर टाका. उघडला, तर बंगळुरातूनही उघडेल. अडलं तर तिथूनच मला फोन लावा, मी दिवसभर घरीच आहे. जमलं की लगेच कळवा, म्हणजे राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं काढते. २० तारखेचे रिटर्न तिथेच भरून निघा, पुढचे इथून.

तुमची,
मंजू