व्हाइटनर बाजूला ठेवायला लावणाऱ्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

"माझं नाव कुठं घालू नकोस," असं बजावलंत म्हणून नाव घालत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या लातूरकडच्या बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या कितीतरी मुली वाळूजला, तारापूरला औषध कंपन्यांच्या क्यूसीच्या, म्हणजे औषधाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या, मुलाखतींना जातात आणि गेटाबाहेर येऊन रडतात. मी तीनदा रडले आहे. त्यांच्यातल्या एखादीला तरी हे वाचून तुमच्यासारखं कुणीतरी शोधावंसं वाटेल.

तुम्ही 31 वर्षं औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम केलंत, हे मला माहीतच नव्हतं. गल्लीत आम्ही तुम्हाला ओळखायचो ते कुरडयांच्या चिकासाठी. तिसऱ्या मुलाखतीहून परत आले तेव्हा ते तोंड घेऊन बाबांसमोर जायचं धाडस होईना, म्हणून तुमच्या ओट्यावर टेकले. काय झालं, का झालं, काहीच विचारलं नाहीत. पाणी दिलंत आणि म्हणालात, "फाईल दे बघू."

माझ्या बायोडाटात एक ओळ होती : '2021 ते 2023, खाजगी शिकवणी, आठवी ते दहावी, विज्ञान.' पदवीनंतरचा गॅप दिसायला नको, असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून घातलेली. तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "किती मुलं होती शिकवणीला?" मला उत्तर देता आलं नाही. मग तुम्ही जे सांगितलंत ते त्याच रात्री मी वहीत उतरवलं : "आमच्या लॅबमध्ये व्हाइटनर आत न्यायचीसुद्धा बंदी. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. खोडलेल्या आकड्यासाठी मी कुणाला कधी बोलले नाही. झाकलेल्यासाठी एकाला घरी पाठवलंय."

आणि मग विचारलंत, "त्या दोन वर्षांत खरं काय केलंस?"

खरं म्हणजे बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा. धाकटा भाऊ बारावीला होता, आई शिवणकामावर घर चालवत होती, त्यामुळे बाबांना न्यायचं-आणायचं माझ्याकडे होतं. त्यांना दिवसभरात पाणी मोजूनच द्यायचं असायचं. चहा, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं मिलिलिटरमध्ये मी एका वहीत लिहायची. डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, वेळ. हे सांगताना मला वाटत होतं, यात कंपनीला सांगण्यासारखं काय आहे. तुम्ही ती वही मागवून घेतलीत. पानं उलटत बराच वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "अगं, हे तर लॅबबुक आहे. वेळच्या वेळी लिहिलंयस, मागाहून भरलेलं नाही. हे लपवत होतीस होय?"

मावशी, दोन वर्षं वाया गेली असं मला अगदी आतून वाटत होतं. ते ओझं त्या संध्याकाळी उतरलं. नोकरी नंतर लागली.

त्यानंतर तीन आठवडे रोज संध्याकाळी तुमचं स्वयंपाकघर ही माझी लॅब झाली. मी तोवर मुलाखतीची तयारी म्हणजे 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं पाठांतर समजत होते. तुम्ही पाठांतराला हातच लावू दिला नाहीत. ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायची खुणांची नळी, म्हणून पाण्याची बाटली, कोनिकल फ्लास्क म्हणून स्टीलचा तांब्या. "करून दाखव. आणि करताना बोल." ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच खंगाळायची, हे मी पटकन सांगितलं. तुम्ही थांबवलंत : "मग फ्लास्क का नाही खंगाळायचा नमुन्याच्या द्रावणाने?" मला नियम येत होता, कारण येत नव्हतं. पिपेटने मोजून घातलेल्या द्रावणात आधीचं राहिलेलं मिसळलं तर मोजमापच खोटं होतं, म्हणून फ्लास्क फक्त शुद्ध पाण्याने धुवायचा. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण वजन करून थेट नेमक्या तीव्रतेचं का बनवता येत नाही? कारण ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने त्याची तीव्रता ठरवायची. पीएच मीटरला आधी बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण, लावून कॅलिब्रेशन, मगच नमुना. हे सगळं मी कॉलेजात शिकलेच होते. पण 'का' विचारलं की उत्तर तोंडात येत नसे, कारण तसं मला कुणी विचारलंच नव्हतं.

एचपीएलसीवर, म्हणजे द्रावण एका नळीतून (कॉलममधून) ढकलून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मी सगळ्यात जास्त अडकले होते. दुसऱ्या मुलाखतीत "चालवलंय" म्हणाले, समोरच्यांनी कॉलम कोणता आणि फ्लो किती एवढंच विचारलं, आणि मी मान खाली घातली. आमच्या कॉलेजात ते यंत्र मी लांबून पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, पाहिलंय म्हण, चालवलं नाही म्हण, आणि तिथंच गप्प बसू नकोस, जेवढं कळलंय तेवढं सांग. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारं द्रावण, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळायची, त्यातली हवा का काढायची, सी-18 कॉलममध्ये कोणता घटक आधी बाहेर येतो आणि कोणता रेंगाळतो, हे तुम्ही कणीक मळता मळता समजावलंत.

कपड्यांबद्दल तुमचं बोलणं मला आधी जुन्या वळणाचं वाटलं, हे कबूल करते. नखं कापून जा, नेलपॉलिश नको, बांगड्या काढ, केस घट्ट बांध, बंद बूट घाल. पुढच्या मुलाखतीनंतर कंपनीवाल्यांनी मला लॅब दाखवायला आत नेलं तेव्हा दारावरच्या पाटीवर हेच लिहिलेलं होतं. माझ्याबरोबरच्या एका मुलीला तिथंच बांगड्या उतरवत उभं राहावं लागलं.

आदल्या दिवशीची एसटी धरायला लावलीत तेही बरं झालं. अंबाजोगाई, केज, बीड करत गाडी संभाजीनगरला पोचेपर्यंत अंगाचा भुगा झाला होता. वाळूजच्या बजाजनगरला आतेबहिणीकडे राहिले, संध्याकाळी कंपनीचं गेट बघून आले, रात्री शांत झोपले.

समोर तिघं होते. गॅपचा प्रश्न दुसऱ्याच क्रमांकाला आला. मी डायलिसिसचं सांगितलं, वहीचं सांगितलं. मधल्या मॅडमनी विचारलं, "पाणी कशाने मोजायचात?" मी म्हटलं, औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने, आणि पेल्याला बाहेरून खूण करून. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. शेड्यूल एम काय, असं विचारलं. औषधं बनवताना पाळायच्या चांगल्या उत्पादन पद्धतींचे नियम, आणि ते डिसेंबर 2023 मध्ये सुधारले गेले, इतकं सांगता आलं. कार्ल फिशर ही चाचणी मी केलेली नाही, हे सरळ सांगितलं. पण त्यात फक्त पाणी मोजलं जातं आणि नमुना वाळवून वजनातली घट काढली तर त्यात उडून जाणारं सगळंच येतं, एवढं बोलले. इंग्रजी एकदा अडलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे थांबले आणि "हिंदीत सांगू का?" विचारलं. "सांगा की," म्हणाले, मराठीतच.

मग तो प्रश्न आला, ज्यासाठी तुम्ही दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. रिझल्ट मर्यादेबाहेर आलाय, शिफ्ट संपत आलीय, सीनियर म्हणतो पुन्हा करून टाक आणि चांगला आकडा लिही. काय कराल? मी म्हटलं, द्रावणं फेकणार नाही, फ्लास्क तसेच ठेवीन, आलेला आकडा आला तसा लिहीन, वरिष्ठांना लेखी कळवीन आणि तपास होऊन सांगितल्याशिवाय पुन्हा करणार नाही. तिघंही एकमेकांकडे बघून थोडं हसले. शेवटी मी विचारलं, नव्या माणसाला स्वतःच्या सहीने काम करू देण्याआधी त्याची परीक्षा कशी घेता? हा प्रश्न तुमचा. पगाराचाही विचारला, न लाजता : हातात किती येणार आणि पीएफ कापून की कापायच्या आधीचा.

नऊ दिवसांनी फोन आला. आता आठ महिने झाले. बाबांना डायलिसिसला धाकटा भाऊ नेतो, पाण्याची वहीही तोच लिहितो. गेल्या महिन्यात माझ्या हातून वजनाच्या नोंदीत एक आकडा चुकला. रेघ मारली, कारण लिहिलं, सही केली, तारीख टाकली. हात जरासुद्धा थरथरला नाही. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं.

तुम्ही फी म्हणून काही घेतलं नाहीत, साडीही परत केलीत. एवढे आभार मात्र घ्याच.

तुमची,
मागच्या गल्लीतली

ता. क. वर 'तीन आठवडे रोज' असं लिहिलंय. पत्र संपवल्यावर वही काढून मोजलं तर 19 संध्याकाळी भरल्या. दोन दिवस तुम्हाला ताप होता. वरचं वाक्य तसंच ठेवतेय, दुरुस्ती इथे केली आहे.