रत्नागिरीत घरे शहरातच वाढवा

संपादक महोदय,

रत्नागिरी नगरपरिषदेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 76 हजारांच्या घरात होती. त्यानंतरची बरीचशी वाढ मात्र हद्दीबाहेर, नाचणे, कुवारबाव, शिरगाव, खेडशी या ग्रामपंचायतींकडे सरकलेली दिसते. बंदर, जिल्हा रुग्णालय, न्यायालय आणि बाजारपेठ शहरात, तर तिथे राबणाऱ्यांची घरे सड्यावर, म्हणजे शहराबाहेरच्या कातळी पठारावर, अशी ही विभागणी आहे. मिरकरवाड्याला पहाटे मासळी उतरवणाऱ्याला किंवा रात्रपाळीच्या परिचारिकेला एवढ्या लांबून वेळेवर पोहोचायचे तर दुचाकीवाचून गत्यंतर नसते, आणि स्वस्त घरात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात. कातळावरच्या संकुलांचे उन्हाळ्यातले पाण्याचे हाल वेगळेच.

शहरात जागा नाही, असे म्हणता येणार नाही. खालची आळी, राम आळी या भागांत कुलूपबंद जुनी घरे आहेत. पण मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीत, दहा-पंधरा सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईला, त्यामुळे ना विक्री होते, ना दुरुस्ती. त्यात 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर जादा बांधकामाची मुभा, रस्त्याच्या रुंदीवर ठरत असल्याने आळीतल्या भूखंडाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. साहजिकच नवी इमारत रुंद रस्त्यावर उठते आणि तिच्यातली सदनिका पगारदारालाही परवडत नाही. लगतचे तीन-चार भूखंड एकत्र करून, रस्त्यासाठी पुढची पट्टी सोडणाऱ्यांना तळमजल्यावर तीन मजले बांधू द्यावेत आणि त्यांत तीस-चाळीस चौरस मीटरची घरे ठरावीक प्रमाणात सक्तीची करावीत. हिस्सेदारांच्या संमतीसाठी महसूल खात्याने गणपतीच्या सुट्टीत शिबिरे घेतली, तर चाकरमानी आपसूकच गावी असतात.

दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत 4000 चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या प्रकल्पांत 20 टक्के क्षेत्र दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी ठेवावे लागते. किनाऱ्यावरची छोटी शहरे या नियमात बसत नाहीत. शिवाय आमच्याकडे एवढे मोठे भूखंड विरळाच, तेव्हा नियम इथे लागू करताना ही मर्यादा निम्म्यावर आणावी लागेल. पंतप्रधान आवास योजनेतून स्वतः घर बांधण्यासाठी मिळणारे अनुदान ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याच कामाचे. भाडेकरूला त्याचा उपयोग नाही.

ही दाटी सरसकट नसावी. मिऱ्या, मांडवीकडे समुद्र आत येतो आहे, तिथे एक मजलाही वाढवू नये. 2019 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने किनाऱ्यालगतच्या बांधकामाला दिलेली मोकळीक तिथे वापरली गेली, तर तिचा लाभ हॉटेलांनाच होईल. आणि आळ्यांमध्ये परवानगी देण्याआधी भुयारी गटार हवे, कारण इथला सच्छिद्र जांभा दगड पाणी झिरपू देतो आणि वाढलेल्या घरांचे मैलापाणी सेप्टिक टँकमधून शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागणार नाही. नगरपरिषदेने गटाराच्या खर्चाचा अंदाज जाहीर करून या योजनेवर हरकती-सूचना मागवाव्यात.

आपला,
एक नागरिक, रत्नागिरी