वारा लागू नये म्हणून मिटलेल्या खिडक्या
पेनसिल्वेनियाच्या गव्हर्नरांना एका रेडॉन तपासनिसाचे खुले पत्र

माननीय गव्हर्नर महोदय,
स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत हॅरिसबर्गला तुमच्या कार्यालयात पाठवली आहेच. तरी मराठीत मुद्दाम लिहिते आहे, कारण ज्या घरांविषयी मला बोलायचं आहे त्यातल्या पुष्कळ घरांत मराठी बोललं जातं आणि तिथल्या माणसांपर्यंत हे थेट पोचावं असं मला वाटतं.

मी चेस्टर काउंटीत राहते. राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाची प्रमाणित रेडॉन तपासनीस आहे. गेली अकरा वर्षं लोकांच्या बेसमेंटमध्ये रेडॉन मोजणारा मॉनिटर ठेवायचा, दोन-तीन दिवसांनी उचलायचा आणि आलेला आकडा त्यांना नीट समजावून सांगायचा, हे माझं काम. मूळची मी सांगलीची. रेडॉन हा शब्द बारावीच्या रसायनशास्त्रात निष्क्रिय वायूंच्या यादीत शेवटी पाठ केला होता, तेवढीच त्याची ओळख. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम अगदीच कमी, आणि आमच्या घरांची दारं-खिडक्या दिवसभर सताड उघडी. त्यामुळे जमिनीतून वायू येतो, घरात कोंडतो आणि माणसाच्या फुफ्फुसांना पोखरतो, ही गोष्ट आमच्याकडून इथे आलेल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. माझ्याही आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी एका ओळखीच्या मुलीचं बाळ बघायला गेले होते. नवराबायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. भाड्याचा फ्लॅट, तळमजल्याचा, इथे ज्याला गार्डन लेव्हल म्हणतात तसा. निम्मी भिंत जमिनीखाली. खिडकीतून बाहेर बघितलं की साचलेलं बर्फ डोळ्यांच्या रेषेत दिसायचं. बाळंतपणाला तिची आई कराडहून आली होती. काकूंनी बाळ-बाळंतिणीची खोली अगदी रीतीप्रमाणे सांभाळली होती. खिडक्यांवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं, फटीत जुन्या साडीचे बोळे, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. बाळाला वारा लागू नये म्हणून. शेगडी पेटवता येत नव्हती, म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेक. कोपऱ्यात जमिनीवर गादी, गादीवर मायलेक. खोलीत ओव्याचा आणि बाळगुटीचा वास होता. तो वास नाकात गेला आणि मला माझ्या धाकट्या भावाचा जन्म आठवला.

महोदय, आमच्या कामात ‘बंद घर’ अशी एक अट असते. चाचणीच्या आधी बारा तास आणि चाचणी संपेपर्यंत सगळ्या खिडक्या बंद, बाहेरची दारं येण्याजाण्यापुरतीच उघडायची. ही अट पाळा म्हणून मी गिऱ्हाइकांना तीनतीनदा फोन करते. काकूंनी ती महिनाभर पाळली होती, अगदी मनापासून, नातवाच्या मायेपोटी. हातातला डिंकाच्या लाडवांचा डबा खाली ठेवला आणि गाडीतून मॉनिटर आणला.

मॉनिटर ठेवायचीही रीत असते. स्वयंपाकघरात नाही, बाथरूममध्ये नाही, हीटरच्या झोतात नाही. जमिनीपासून किमान वीस इंच वर, खिडकीपासून तीन फूट दूर, माणसं जिथे श्वास घेतात त्या उंचीच्या आसपास. मी तो बाळाच्या कपड्यांच्या खणांवर ठेवला आणि चार दिवसांनी उचलला. सरासरी आली ११.८ पिकोक्युरी प्रति लिटर. तासातासाचा आलेख काढला तर पहाटेच्या सुमारास तो १७ च्या वर चढत होता. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, घर दुरुस्त करायला सांगितलेली पातळी आहे ४. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी त्याहून खाली, सुमारे २.७.

हा आकडा म्हणजे काय ते मी काकूंना असं सांगितलं : या खोलीतली एक लिटर हवा घेतली, तर तिच्यात दर मिनिटाला सव्वीसेक अणू फुटतात. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन होतो. रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर जाते, त्या ओढीने कोब्याच्या भेगांतून, पाइपांच्या कडेच्या फटींतून जमिनीतला वायू आत खेचला जातो. तो आपण श्वासाबरोबर घेतो आणि बहुतेक सोडूनही देतो. पण तो फुटून जे पोलोनियम बनतं ते धूळकणांना चिकटून फुफ्फुसात बसतं आणि तिथे पुन्हा फुटतं.

काकू गप्प झाल्या. मग विचारलं, “म्हणजे पोरी, मी खिडक्या लावल्या म्हणून माझ्या नातवाला हे झालं का गं?”

तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. मी त्यांचा हात धरून सांगितलं, काकू, तुमची काही चूक नाही. वायू जमिनीतून येतो, तुम्ही नाही आणलात. आणि महिन्याभराच्या हवेने लगेच काही होत नसतं, धोका असतो तो वर्षानुवर्षं अशा हवेत राहण्याचा. हे खरं आहे आणि मी ते प्रत्येक घरात सांगते, कारण घाबरलेली माणसं भलतंच काहीतरी करून बसतात. पण पुढचंही तितकंच खरं आहे. ईपीएच्या अंदाजाप्रमाणे रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसं जातात. त्यातल्या जवळजवळ २,९०० जणांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते. ४ च्या पातळीत जन्मभर राहिलेल्या, कधीच धूम्रपान न केलेल्या हजार माणसांपैकी सातेक जणांना हा कर्करोग होऊ शकतो, आणि सिगारेट ओढणाऱ्या हजारांपैकी ६२ जणांना. त्या खोलीतली पातळी ४ च्या जवळपास तिप्पट होती.

मुलीने मालक कंपनीला माझा अहवाल पाठवला. कंपनीचं नाव इथे घेत नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. भाड्याच्या घरात रेडॉनची चाचणी किंवा दुरुस्ती करण्याचं कायदेशीर बंधन आमच्यावर नाही, आणि मुदतीआधी घर सोडायचं असेल तर लीजमध्ये लिहिलेला दंड भरावा लागेल. त्यांनी दंड भरला. दोन महिन्यांचं भाडं. मार्चमध्ये सव्वादोन महिन्यांचं बाळ घेऊन ते दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले.

ते पगारदार होते, त्यांना जमलं. एप्रिलमध्ये मला त्याच इमारतीत दुसऱ्या एका कामासाठी जावं लागलं. तळमजल्याच्या पत्रपेटीवर नवं नाव होतं. दाराशी लहान मुलाची लाल तीनचाकी. एका ग्राहकाच्या घराचा आकडा दुसऱ्याला सांगणं माझ्या व्यवसायात बसत नाही, म्हणून मी दार वाजवून एवढंच म्हणाले की या घराची रेडॉन चाचणी करून घ्या. दारात आलेल्या बाईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नाही. माझ्या हातातलं इंग्रजी पत्रक त्यांनी घेतलं, हसून आभार मानले आणि दार लावलं. त्या दाराआडचा आकडा मला माहीत होता. कंपनीला माहीत होता. जी तिथे झोपणार होती तिला माहीत नव्हता.

गव्हर्नर महोदय, रेडॉनची गोष्ट जगाला कळली ती आपल्या राज्यामुळे. डिसेंबर १९८४. लिमरिकच्या अणुवीज केंद्रात, म्हणजे तुम्ही जिथे लहानाचे मोठे झालात त्या माँटगोमेरी काउंटीत, स्टॅन्ली वॉट्रस हा इंजिनिअर आत जात असताना किरणोत्सर्ग तपासणारा गजर वाजला. केंद्र अजून वीज देऊ लागलं नव्हतं. मग अंगावर किरणोत्सर्ग आला कुठून? शोध घेतला तेव्हा तो त्याच्या घरातून येत होता, बॉयरटाउनजवळच्या त्याच्या राहत्या घरातून. तिथली पातळी साधारण २,७०० पिकोक्युरी निघाली. घराखाली रीडिंग प्राँग म्हणतात तो खडकांचा पट्टा, जो रीडिंगपासून न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे जातो. त्यानंतर तीन वर्षांत, १९८७ मध्ये, राज्याने तपासनिसांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना प्रमाणपत्र सक्तीचं करणारा कायदा केला. मी त्याच कायद्याखाली काम करते. आम्ही उपकरणं ठरल्या काळाने तपासून घेतो, दर दहा चाचण्यांमागे एक जोडचाचणी, म्हणजे एकाच जागी दोन उपकरणं ठेवून, करतो, निकाल विभागाला कळवतो. चाचणी कोणी करावी आणि कशी करावी याची शिस्त या राज्याने घालून दिली आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. फक्त कोणाच्या घराची करावी, हे ठरवायचं राहून गेलं.

कारण आज चाचणी होते ती घर विकताना. माझी बहुतेक कामं तशीच येतात. घेणारा मागतो, एजंट फोन करतो, निकाल दोन दिवसांत हवा असतो. आकडा ४ च्या वर निघाला की किमतीतून पैसे वळते होतात आणि वायू बाहेर काढणारा पाइप बसतो. मधल्या रात्री कोणी खिडकी उघडली तर आलेख एकदम खाली घसरतो आणि आम्हाला ते कळतं. अशा वेळी मी चाचणी रद्द करून पुन्हा लावते, मग त्यावरून कितीही बोलणी खावी लागली तरी. हे सगळं मी तक्रार म्हणून सांगत नाही. सांगते ते एवढ्यासाठी की या साखळीत ज्याच्याकडे घर घ्यायला पैसा आहे त्याचीच फुफ्फुसं मोजली जातात. भाडेकरूच्या घरात कुठलाच व्यवहार असा होत नाही की ज्यात कोणाला आकडा हवा असेल.

आणि खालच्या मजल्यावर राहतं कोण? ज्यांना स्वस्त भाडं लागतं ते. नुकते आलेले विद्यार्थी, एका पगारात भागवणारी कुटुंबं, सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. स्वतःचं घर असलेल्या आमच्या मराठी मंडळींनाही इथे सांगून ठेवते : सांगली-साताऱ्याहून आलेल्या आईबाबांना आपण बेसमेंटमध्ये गालिचा घालून, टीव्ही लावून छान खोली करून देतो. त्याआधी एक चाचणी करा. शेजाऱ्यांकडे कमी निघाला म्हणून आपल्याकडे कमी असेल असं नसतं. एका भिंतीला भिंत असलेल्या दोन घरांत मला २ आणि १४ असे आकडे मिळालेले आहेत.

आपल्या विभागाच्याच सांगण्याप्रमाणे या राज्यातल्या सुमारे ४० टक्के घरांत पातळी ४ च्या वर आहे. लीहाय काउंटीत २०१४ मध्ये एका बेसमेंटमध्ये ३,७१५ पिकोक्युरी सापडले होते. म्हणजे वॉट्रसच्या घरानंतर तीस वर्षांनी, त्याहून जास्त.

बरं, उपाय अवघड असता तर मी इतका आग्रह धरला नसता. कोब्याला भोक पाडायचं, खालची खडी थोडी उपसायची, तीन-चार इंची पाइप बसवायचा आणि तो छपराच्या वर नेऊन सोडायचा. मध्ये एक पंखा, चोवीस तास चालणारा. पाइपावर यू आकाराची पारदर्शक नळी असते, तिच्यात रंगीत द्रव. दोन बाजूंची पातळी वेगळी दिसली की पंखा ओढतोय असं समजायचं. शाळेतलं पोरही वाचू शकेल. बहुतेक घरांत एका दिवसात काम होतं, खर्च साधारण हजार ते दोन हजार डॉलर. त्या मुलीने भरलेला दंड याहून जास्त होता. त्या पैशात खोली कायमची नीट झाली असती, तिच्यासाठी आणि लाल सायकलवाल्या लेकरासाठीही.

माझी मागणी छोटी आहे. जमिनीला लागून किंवा जमिनीखाली असलेलं कुठलंही घर भाड्याने देण्याआधी त्याची प्रमाणित चाचणी झालेली असावी, आणि तिचा आकडा सहीच्या आधी भाडेकरूच्या हातात, त्याला समजेल त्या भाषेत पडावा. आकडा ४ च्या वर असेल तर मालकाने ठराविक मुदतीत दुरुस्ती करावी. नाही केली तर भाडेकरूला दंडाशिवाय घर सोडता यावं. चाचणी मागितली म्हणून कोणाचं भाडं वाढू नये. कोलोरॅडोने २०२३ मध्ये भाडेकरूंना रेडॉनची माहिती देणं मालकांवर बंधनकारक केलं. मेन राज्यात भाड्याच्या घरांच्या चाचणीचा कायदा त्याच्याही आधीपासून आहे. यासाठी विधिमंडळ लागेल, मला कल्पना आहे. पण तुम्ही विषय मांडलात तर तो मांडला जाईल. विभागाची पत्रकं मराठी, गुजराती, तेलुगू, स्पॅनिशमध्ये छापायला तर विधिमंडळही लागत नाही. मराठीचं भाषांतर मी करून देते, एक पैसा न घेता.

काकू उन्हाळ्यात कराडला परतल्या. निघायच्या आधी नव्या फ्लॅटमध्ये त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. नातू सहा महिन्यांचा झाला होता, उष्टावण होतं. खिडक्या उघड्या होत्या. जेवण झाल्यावर त्या मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्या आधीच्या खोलीत कोणी राहायला आलं का गं? त्यांना सांगितलंस ना?”

त्यांना मी काय उत्तर द्यावं, गव्हर्नर महोदय?

आपली नम्र,
एक प्रमाणित रेडॉन तपासनीस
चेस्टर काउंटी, पेनसिल्वेनिया