कार्टूनमधील ज्वालामुखीची तपासणी

महोदय,

मुलांच्या कार्टून पाहण्याविषयी आपल्या पत्रसदरात अधूनमधून नाराजी व्यक्त होत असते. ती सर्वस्वी निराधार आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला काही कार्टून पाहताना हातात खडू घ्यावासा वाटतो. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन मालिका त्यांपैकी एक. २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर दाखवल्या गेलेल्या या मालिकेतील जग संपूर्णपणे कल्पित असून तेथील काही माणसे पाणी, माती, अग्नी किंवा वारा हुकमाने हलवू शकतात. तरीही तेथील ज्वालामुखींना आपल्या पृथ्वीचे भूशास्त्र लावून पाहिले, तर पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा मुलांच्या पदरात बरेच अधिक पडेल, असे मला वाटते.

पहिल्या पर्वातील माकापू गावाची गोष्ट घ्या. गावाला खेटून ज्वालामुखी उभा आहे, आणि दरवर्षी कोणीतरी वर चढून त्याची पाहणी करायची असा गावाचा जुना रिवाज होता. भविष्य सांगणाऱ्या एक वयस्कर बाई गावात राहायला आल्यापासून हा रिवाज बंद पडला, कारण ज्वालामुखीपासून यंदा गावाचा नाश होणार नाही असे त्या सांगतात आणि गावकरी निर्धास्त होतात. फूल आणण्यासाठी माथ्यावर गेलेल्या आंग या बालनायकाला विवर लाव्हारसाने भरत आलेले दिसते, पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हा प्रसंग पाहताना मला इंडोनेशियातील मेरापी पर्वत आठवला. योग्यकर्त्याच्या सुलतानांनी नेमलेले त्या पर्वताचे पारंपरिक रक्षक मबाह मरिजान यांनी २०१० साली सर्वोच्च पातळीचा इशारा मिळूनही घर सोडले नाही; २६ ऑक्टोबरला आलेल्या तप्त राखेच्या लोटात ते आणि त्यांच्या भरवशावर मागे राहिलेले काही गावकरी मरण पावले. याउलट १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी जमिनीखालचे धक्के आणि गंधकयुक्त वायूचे प्रमाण सतत मोजले, त्यावरून वेळीच गावे रिकामी करवली, आणि १५ जूनच्या प्रचंड उद्रेकातून हजारो जीव वाचले. विवरात डोकावण्याचा माकापूचा रिवाज कितीही ओबडधोबड असला, तरी तो निरीक्षणाचाच होता. (गाव अखेरीस वाचते आणि बाईंचे भाकीतही खरे ठरते, हा मालिकाकारांचा मिश्कीलपणा मला मनापासून आवडला.)

आता लाव्हारसाकडे वळू. माकापूचा पर्वत उभट शंकूच्या आकाराचा आहे, आणि त्यावरून येणारा लाव्हारस मात्र पाण्यासारखा धावतो. चिकित्सक विद्यार्थी येथेच हात वर करील. लाव्हारसात सिलिका (वाळूतील मुख्य घटक) जितकी अधिक, तितका तो घट्ट. असा रस फार दूर न जाता मुखापाशीच साचतो आणि राखेच्या थरांसह उभट शंकू घडवतो. सिलिका कमी असलेला बेसाल्टी रस दूरवर पसरतो आणि हवाईतील मौना लोआसारखे पालथ्या ढालीच्या आकाराचे पसरट डोंगर बनवतो. मग मालिकेने चूक केली का? सरसकट तसे म्हणता येणार नाही, कारण काँगोमधील न्यिरागोंगो हा पर्वत उभ्या उतारांचा असूनही त्याचा लाव्हारस जगातील सर्वांत पातळ रसांपैकी एक आहे, आणि त्याच्या विवरात खरोखरच लाव्हारसाचे तळे असते. १९७७ मध्ये पर्वताच्या कुशीला भेगा पडून ते तळे तासाभराच्या आत रिते झाले. माकापूचा खरा भाऊबंद शोधायचा तर तो हाच. मात्र मग आणखी एक प्रश्न उभा राहतो : असा रस वाहू लागल्यावर, गोष्टीतील गावकरी करतात तसा, गावाभोवती चर खणून तो नदीकडे वळवायला वेळ कोठून मिळणार?

चर खणण्याची कल्पना मात्र पोरकट नव्हे. १६६९ मध्ये एटनाचा लाव्हारस सिसिलीतील कातानिया शहराकडे सरकत असताना तेथील माणसांनी अंगावर ओली कातडी पांघरून, लोखंडी पहारींनी त्या प्रवाहाची घट्ट झालेली कड फोडली. रस वळला, पण पातेर्नो गावाच्या दिशेने. तेव्हा तेथील सशस्त्र रहिवाशांनी येऊन हे काम बंद पाडले. लाव्हारस वळवणे म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात पाठवणे, हा तिढा कार्टूनमध्ये येत नाही, कारण तेथे नदी सोयीस्कर ठिकाणी आहे.

चर तोकडा पडल्यावर आंग वाऱ्याचा झोत सोडून लाव्हारसाची उसळलेली लाट जागच्या जागी गोठवतो. येथे भौतिकशास्त्र साफ नकार देते. बेसाल्टी लाव्हारसाचे तापमान साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते आणि खडक हा उष्णतेचा मंद वाहक आहे. वरचा पापुद्रा काही मिनिटांत काळा पडतो, पण आतला रस तसाच वाहता राहतो. हवाईतील किलाउया इकी या विवरात १९५९ मध्ये साचलेला लाव्हारस पूर्ण घट्ट व्हायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. लाव्हारस थंड करून अडवण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आइसलँडजवळच्या हेइमाय बेटाचे आहे. १९७३ मध्ये तेथील लोकांनी बंदर वाचवण्यासाठी कित्येक आठवडे समुद्राचे पाणी पंपाने प्रवाहावर मारले, आणि बंदर वाचले.

मालिकेचा सर्वांत अचूक भाग तिसऱ्या पर्वात येतो. रोकू हा वृद्ध महायोद्धा आपल्या बेटावरील उद्रेकाशी झुंजतो, लाव्हारसाला थोपवतो, आणि अखेर हतबल होतो तो विषारी वायूपुढे. त्यानंतर उतारावरून येणारा राखेचा प्रचंड लोट त्याला गाडून टाकतो. हेइमायच्या उद्रेकात दगावलेली एकमेव व्यक्तीही एका तळघरात साचलेल्या वायूनेच गेली. १९८६ मध्ये कॅमेरूनमधील न्योस या विवर-सरोवरातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडने सुमारे १७०० माणसे मारली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने दऱ्याखोऱ्यांतून उतरत झोपलेल्या गावांपर्यंत पोहोचला. राखेच्या लोटाबद्दल बोलायचे तर ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरील सेंट पिएर शहर मोंताञ पेलेच्या लोटाखाली काही मिनिटांत बेचिराख झाले आणि सुमारे २८,००० लोक मृत्युमुखी पडले. पळून निसटता येते ते बहुधा लाव्हारसापासून. या दोहोंपासून क्वचितच. मुलांसाठीच्या मालिकेने हे इतक्या स्पष्टपणे दाखवावे, याचे मला कौतुक वाटते.

आपल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत वर्षानुवर्षे मांडला जाणारा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी यापेक्षा अधिक दिशाभूल करतो. वायूच्या जोरावर द्रव वर फेकला जातो, एवढीच त्यात तथ्याची बाब. उष्णता आणि वितळलेला खडक यांचा तेथे पत्ताच नसतो. शिवाय त्या मातीच्या शंकूमुळे ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर हे मुलांच्या मनात पक्के बसते, आणि ती ज्या जमिनीवर राहतात तिच्याशी तो मेळ खात नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट मुख्यतः लांबलचक भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर देत पसरला. घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक प्रवाह थंड होऊन त्यावर माती तयार झाली, मग पुढच्या प्रवाहाने ती भाजून निघाली, असा बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ लावला जातो. काळ्या दगडातली बारीक भोके म्हणजे निसटलेल्या वायूचे बुडबुडे, आणि त्यांतील काहींत पुढे पांढरे स्फटिक वाढले.

आपल्या बालपुरवणीत एखाद्या कार्टूनमधील प्रसंग घेऊन त्याची अशी शास्त्रीय तपासणी करणारे छोटे सदर सुरू करावे, ही विनंती. माकापूच्या जोडीला अंदमानातील बॅरन बेटाची माहिती द्यावी : भारतातील हा एकमेव जागृत ज्वालामुखी दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये पुन्हा पेटला आणि त्यानंतरही त्याचे उद्रेक होत आले आहेत.

आपला,
एक सेवानिवृत्त भूगोल शिक्षक, सातारा